सेलेस्ट खेळताना या चुका टाळा: उडी, डॅश आणि दम नेमके कुठे फसतात

२०१५ मध्ये मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत पिको-८ या चिमुकल्या काल्पनिक कन्सोलसाठी एक छोटा गेम केला. त्यातूनच २५ जानेवारी २०१८ रोजी मोठा सेलेस्ट आला, आणि तो मूळ छोटा गेम आजही मोठ्या गेमच्या पोटात लपलेला सापडतो. घडण जुन्या प्लॅटफॉर्म गेमचीच आहे: चित्राची रुंदी ३२० आणि उंची १८० पिक्सेल, ठोकळे ८ पिक्सेलचे, उडी, डॅश (एका झटक्यात मारलेली झेप) आणि पकड अशी तीनच बटणं, बाकी काटे. फरक एवढाच, की जुने गेम एका पिक्सेलची चूकही माफ करत नसत; सेलेस्ट जागोजागी गुपचूप सवलत देतो. नवे खेळाडू मरतात ते बहुतेक वेळा हात संथ आहे म्हणून नाही, तर या सवलती ठाऊक नसल्यामुळे घाई करतात म्हणून.

आधी हातातलं साधन तपासा

गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टी पाच-सहा फ्रेमच्या हिशोबात आहेत. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत तीन-चार फ्रेम गेल्या तर अर्धी सवलत तिथेच संपली. ब्लूटूथ कंट्रोलरवर बटण उशिरा लागतंय असं वाटलं तर वायर जोडून पाहा. पीसीवर पर्यायांमध्ये व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारी सोय) बंद करूनही पाहा.

डॅश आठ दिशांना जातो. गोल स्टिकवर 'उजवीकडे' आणि 'उजवीकडे-वर' यांच्या सीमेवर अंगठा सहज घसरतो, म्हणून डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण) चांगला. कीबोर्डवर मूळ मांडणी अशी: दिशेसाठी बाण, उडीला सी, डॅशला एक्स, पकडीला झेड. स्वस्त कीबोर्ड एका वेळी चार कळा ओळखेलच असं नाही. वरचा आणि उजवा बाण आणि झेड दाबून धरा, मग सी आणि एक्स एकेक करून दाबा. एखादी कळ लागली नाही तर पर्यायांत जाऊन बटणं बदला. 'या खोलीत डॅश होतच नाही' अशा कितीतरी तक्रारींचं मूळ कीबोर्डात असतं. पकडीचं बटण सतत दाबून बोट दुखत असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये ते एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद असं करता येतं.

उडी: लवकर मारणं आणि लवकर सोडणं

कड्याच्या टोकाला पोचायच्या आतच उडी मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पाय कड्यावरून सुटल्यानंतरही ०.१ सेकंद, म्हणजे सहा फ्रेम, उडी चालते. पूर्ण वेगाने पळत असाल तर तेवढ्या वेळात मॅडलिन, म्हणजे गेमची नायिका, नऊ पिक्सेल पुढे जाते, म्हणजे एका ठोकळ्याहून थोडं जास्तच. 'एवढं अंतर पार होतच नाही' असं वाटणाऱ्या खोल्या पुष्कळदा इथेच सुटतात. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलंत तरी गेम ते सुमारे ०.०८ सेकंद लक्षात ठेवतो आणि टेकताच उडी देतो. त्यामुळे बटण बडवत राहायची गरज नाही. भिंतीजवळ बडवलंत तर उलट नको असलेली भिंत-उडी लागते, कारण भिंतीपासून तीन पिक्सेल दूर असतानाही ती चालते.

दुसरी चूक बटण लवकर सोडण्याची. उडीचा वर जाण्याचा जोर बटण धरून ०.२ सेकंदांपर्यंत टिकवता येतो. पूर्ण धरलंत तर तीन ठोकळ्यांहून थोडी जास्त उंची मिळते. नुसतं टिचकीसारखं दाबलंत तर त्याच्या निम्मीही नाही. शिवाय उडीच्या माथ्यावर बटण दाबलेलंच असेल तर तिथे गुरुत्वाकर्षण निम्मं होतं आणि मॅडलिन क्षणभर तरंगते. हवेत दिशा ठरवायला तोच क्षण सोयीचा. मात्र छताला काटे असलेल्या बुटक्या बोळात याच्या उलट करा, बटण लगेच सोडा.

डोकं ठोकळ्याच्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं तर गेम मॅडलिनला बाजूला सरकवून वर जाऊ देतो. आडव्या डॅशलाही अशीच सवलत आहे. तेव्हा कोपऱ्यांना घाबरून लांबचा वळसा घेऊ नका.

भिंत: पकड धरून ठेवली की दम जातो

मॅडलिनचा दम, म्हणजे भिंत धरून राहण्याची ताकद, ११० एकक असतो. नुसतं लटकलं तर सेकंदाला १० जातात, म्हणजे ११ सेकंद. वर चढताना सेकंदाला सुमारे ४५ जातात, म्हणजे अडीच सेकंदांच्या आतच, सुमारे तेरा ठोकळे चढून, दम संपतो. पकड धरून सरळ वर मारलेल्या प्रत्येक उडीला २७.५, म्हणजे चार उड्यांत पूर्ण रिकामं. खाली उतरायला काहीच लागत नाही. दम २० च्या खाली गेला की मॅडलिन लाल लुकलुकू लागते.

नवे खेळाडू भिंत दिसली की पकड दाबतात आणि विचार करत लटकतात. विचार जमिनीवर करा. पकड न धरता भिंतीवरून मारलेली उडी फुकट असते, आणि तिचा एक प्रकार तर शिकून घ्यावाच असा आहे. भिंतीला लागून असताना कोणतीही दिशा न दाबता फक्त उडी मारा, मग लगेच भिंतीकडे दिशा दाबून परत या, पुन्हा दिशा सोडून उडी. असं करत दम न घालवता एकाच भिंतीवर चढता येतं. हे फसतं तेव्हा कारण जवळपास नेहमी एकच असतं: उडीच्या क्षणी बाण दाबलेला राहतो. बाण दाबलेला असला की गेम ०.१६ सेकंद तुम्हाला भिंतीपासून दूर ढकलतो आणि परत यायला उंची उरत नाही.

आणखी एक बारीक सवलत: पकड धरून सरळ वर उडी मारली आणि ०.२ सेकंदांच्या आत भिंतीपासून दूर जाण्याची दिशा दाबली, तर गेला दम परत मिळतो आणि उडी साध्या भिंत-उडीत बदलते.

डॅश: इथे सर्वात जास्त बिघडतं

डॅश भलत्याच दिशेला गेला की दोष कंट्रोलरला दिला जातो. खरं कारण असं: डॅशचं बटण दाबल्यावर गेम तीन फ्रेम गोठतो आणि दिशा त्यानंतर वाचतो. हे तुमच्या सोयीसाठीच आहे, तिरपी दिशा जुळवायला तेवढा वेळ मिळतो. पण अंगठा पुढच्या हालचालीकडे आधीच निघालेला असेल तर डॅश त्या पुढच्या दिशेने जातो. मॅडलिन हलायला लागेपर्यंत दिशा सोडू नका. उलट, दिशा आधीच सोडली असेल तर मॅडलिन ज्या बाजूला तोंड करून आहे तिकडे सरळ आडवा डॅश होतो. 'वर मारला होता, आडवाच गेला' याचा उलगडा हाच.

दुसरी चूक: उडी मारल्या मारल्या डॅश. डॅश ०.१५ सेकंद चालतो आणि सुरू होताना उडीचा उरलेला जोर पुसून टाकतो. उंची हवी असेल तर आधी उडीचा माथा येऊ द्या, मग डॅश.

केसांकडे बघायची सवय लावा. लाल म्हणजे डॅश शिल्लक, निळे म्हणजे संपला, गुलाबी म्हणजे दोन आहेत. जमिनीला टेकलं, स्प्रिंगवर पडलं किंवा हिरवा स्फटिक घेतला की डॅश आणि दम दोन्ही भरतात. डॅश शिल्लक आणि दमही पुरेसा असेल तर स्फटिक तसाच राहतो, वाया जात नाही. वापरलेला स्फटिक अडीच सेकंदांनी परत येतो. कित्येक खोल्यांत त्याची वाट पाहणं हाही मार्ग असतो.

वेगाच्या चाली पहिल्या प्रकरणापासूनच उपलब्ध असतात, गेम त्या फार उशिरा शिकवतो. जमिनीवर आडवा डॅश मारून तो चालू असतानाच उडी मारली तर पळण्याच्या सेकंदाला ९० पिक्सेलऐवजी २६० चा वेग मिळतो. जमिनीवर खाली-तिरपा डॅश मारून उडी मारली तर ३२५, पण उंची निम्मी. उडी खूप उशिरा मारली तर डॅश संपलेला असतो आणि साधीच उडी लागते. खूप लवकर मारली तर वेग मिळतो पण केस निळेच राहतात, कारण डॅश सुरू झाल्यापासून ०.१ सेकंद होईपर्यंत जमीन तो परत भरत नाही. या दोन क्षणांमधली फट जेमतेम काही फ्रेमची आहे. ती सापडत नसेल तर वेव्हडॅश करा: छोटी उडी, लगेच खाली-तिरपा डॅश, जमिनीला टेकताच उडी. हवेतच थोडा वेळ गेल्यामुळे डॅश भरून मिळतो. वेव्हडॅश फसतो तो उंचावरून डॅश मारल्यामुळे, कारण जमीन येईपर्यंत डॅशच संपतो. पहिली उडी ठेंगणी ठेवा.

काटे आणि सरकते ठोकळे

काटे फक्त त्यांच्या टोकाच्या दिशेने जाणाऱ्याला लागत नाहीत. वर टोकं असलेल्या काट्यांमधून तुम्ही वर जात असाल तर काही होत नाही. खाली पडताना मात्र मरता. हे कळलं की भिंतीवरच्या काट्यांच्या खोल्या एकदम मोकळ्या वाटू लागतात.

फॉरसेकन सिटी या पहिल्या प्रकरणातला ट्रॅफिक लाइटचा ठोकळा झपकन धावतो आणि टोकाला आदळतो. तो थांबल्यावर निवांत उडी मारणं ही चूक. तो धावत असताना, किंवा थांबल्यावर साधारण ०.१६ सेकंदांच्या आत उडी मारली, तर त्याचा वेग तुमच्या उडीत मिसळतो. पलीकडचा कडा दूर ठेवलेला असतो तो याच हिशोबाने.

प्रकरणागणिक अडणाऱ्या जागा

मेल्यानंतर उभं राहिलात की लगेच पळू नका. तुम्ही पहिली हालचाल करेपर्यंत वारा ढकलत नाही आणि पाठलाग करणारी सावलीही निघत नाही. तेवढ्यात खोली पूर्ण पाहून घ्या.

ओल्ड साइट या दुसऱ्या प्रकरणातली सावली सुमारे दीड सेकंद मागे राहून तुमचीच वाट जशीच्या तशी चालते. आल्या वाटेने परत फिरलात की तिच्यात शिरता. परतायचंच असेल तर येताना खालून या, जाताना वरून जा. त्याच प्रकरणातल्या चांदण्यांच्या ठोकळ्यात डॅशने शिरल्यावर दिशा बदलत नाही, आणि आतून घट्ट भिंतीवर आदळलात तर मरण. म्हणून शिरण्याआधी समोरची बाजू मोकळी आहे का ते पाहा. बाहेर पडताना डॅश भरून मिळतो, आणि त्याच क्षणी उडी मारली तर वेग टिकतो.

गोल्डन रिज या चौथ्या प्रकरणात लोक वाऱ्याशी झुंजत पळतात. जमिनीवर खाली वाकून बसलात तर आडवा वारा हलवत नाही, भिंत पकडलेली असतानाही नाही, आणि डॅशच्या काळातही नाही. झुळूक ओसरेपर्यंत वाका, मग निघा. उडत येणाऱ्या बर्फाच्या गोळ्यावर वरून पडलात तर तो उसळी देतो आणि डॅशही भरतो. हिरव्या बुडबुड्यात शिरल्यावर तो आपोआप सुटायची वाट पाहू नका. दिशा धरा आणि डॅश दाबा.

मिरर टेम्पल या पाचव्या प्रकरणात मॅडलिनच्या मित्राला, थिओला, उचलून नेताना डॅश आणि चढणं बंद असतं. पकड सोडली की तो फेकला जातो. खालची दिशा दाबून सोडली तर अलगद खाली ठेवला जातो. रिफ्लेक्शन या सहाव्या प्रकरणातलं पीस दोनच सेकंद उडवतं, तेव्हा आधी वाट ठरवा, मग ते घ्या.

स्ट्रॉबेरी, सेव्ह आणि असिस्ट मोड

मूळ प्रकरणांत १७५ लाल स्ट्रॉबेरी आहेत. त्यांनी कोणतंही प्रकरण उघडत नाही, शेवटी स्ट्रॉबेरी पाय (भाजलेला गोड पदार्थ) किती थाटाचा होतो एवढंच त्यावर ठरतं. पहिल्या फेरीत एका स्ट्रॉबेरीवर हट्टाने अडून बसू नका. स्ट्रॉबेरी हातात लागली म्हणजे मिळाली असं नाही, स्थिर जमिनीवर क्षणभर टेकेपर्यंत ती नुसती मागे तरंगत असते. ढासळणारा किंवा सरकणारा ठोकळा यात धरला जात नाही. पंखवाली स्ट्रॉबेरी दिसली तर त्या खोलीत डॅश मारू नका, मारताच ती उडून जाते.

थांबताना 'सेव्ह अँड क्विट' निवडा, म्हणजे पुढच्या वेळी त्याच खोलीतून सुरू होतं. 'रिटर्न टू मॅप' निवडलंत तर परत चेकपॉइंटपासून चालावं लागतं, आणि लांबलचक प्रकरणात हे फार जिवावर येतं.

गेम सोपा करून देणारा असिस्ट मोड न वापरण्याचा बाणा धरून गेमच सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण पुढची प्रकरणं पाहण्यासारखी आहेत. वेग १०० वरून ५० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या पायरीने कमी करता येतो, दम अमर्याद करता येतो, डॅश वाढवता येतात. बोटांना क्रम बसत नसेल तर वेग ८० वर आणा, खोली दोन-तीनदा पार करा, मग १०० वर आणून तीच खोली पुन्हा खेळा. अमर्याद दम किंवा जास्तीचे डॅश सुरुवातीलाच चालू करू नका. त्यांनी वाटच बदलते, आणि मग १०० वर परत आल्यावर शिकलेला क्रम उपयोगी पडत नाही.