हेडफोनचा आवाज फार कमी येणे: लिनक्सवरील माझा अनुभव

ग्वाल्हेरच्या आमच्या घरी लिनक्स ही संगणकप्रणाली असलेल्या डेस्कटॉपला हेडफोन जोडला, की आवाजाची पट्टी 100 टक्क्यांवर असूनही गायक कृष्णराव शंकर पंडितांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला तानपुरा जेमतेम ऐकू येई. स्पीकरचा आवाज मात्र व्यवस्थित होता. तोच हेडफोन मोबाइलवर खणखणीत वाजत असल्याने दोष संगणकाकडेच होता. जॅक बदलून पाहिला, सिस्टीम अद्ययावत केली, पण फरक पडला नाही आणि मी अगदी वैतागून गेलो. पट्टी 100 च्या पुढे ताणली तर आवाज फाटतो, त्यामुळे तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

शेवटी उपयोगी पडले ते असे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'अल्सामिक्सर' हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम चालवावा. सुरुवातीला तेथे बहुधा 'डीफॉल्ट' कार्ड आणि एकच 'मास्टर' पट्टी दिसते, म्हणून एफ6 दाबून खरे साउंड कार्ड निवडणे आवश्यक आहे. मग उजव्या बाणाने 'हेडफोन' या पट्टीवर जावे. माझ्याकडे मास्टर पूर्ण होता, पण ही पट्टी तिशीतच अडकलेली होती. पट्टीखाली 'एमएम' दिसल्यास ती बंद आहे असे समजावे आणि एम दाबून तेथे '00' आणावे. त्यानंतर वरच्या बाणाने पातळी वाढवावी, मात्र त्याआधी हेडफोन कानावरून काढावा, कारण आवाज एकदम चढतो. एस्केप दाबून बाहेर पडल्यावर लगेच 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' ही आज्ञा द्यावी, ज्यात 'कंट्रोल'च्या जागी फक्त सी-टी-एल ही तीन अक्षरे 'अल्सा'ला जोडून लिहायची असतात. तिच्यामुळे ही पातळी जतन होते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकते.