अप कुठली, डाऊन कुठली?

जळगाव-भुसावळ अप-डाऊन करणाऱ्या नव्या पासवाल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: आपण बोलताना 'अप-डाऊन' म्हणतो ते रोजचं जाणं-येणं. रेल्वेचं अप आणि रेल्वेचं डाऊन मात्र दिशा दाखवतं. ती कळली नाही तर भुसावळला निघालेला माणूस थेट पाचोऱ्याला उतरतो.

आपल्याकडे नियम असा: मुंबईकडे निघालेली गाडी अप, मुंबईहून येणारी डाऊन. भुसावळहून जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड अशी धावते ती अप. चढ-उताराशी याचा काही संबंध नाही. इगतपुरीहून कसाऱ्याकडे गाडी अख्खा घाट उतरते, तरी ती अपच! तेव्हा 'अप म्हणजे वर' हे डोक्यातून काढूनच टाका.

खरा घोळ जळगावात होतो. इथून एक लाइन मनमाडकडे जाते, दुसरी अमळनेर, नंदुरबारवरून सुरतेकडे. सुरतेची वाटही पुढे मुंबईलाच मिळते, म्हणून तिकडे जाणारी गाडीसुद्धा अप. अमळनेरच्या माणसाने नुसतं 'अप येतेय' ऐकून चढू नये. 'काय भो, सुरत का मनमाड?' एवढं विचारायचंच.

गाडीचा नंबरही कामाला येतो. पंजाब मेल मुंबईहून निघते तेव्हा १२१३७, मुंबईला परतते तेव्हा १२१३८. विदर्भचंही तसंच, जाताना १२१०५, येताना १२१०६. म्हणजे विषम डाऊन, सम अप. पण डोळे मिटून यावर विसंबू नका. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल १२३२२ आहे. नंबर सम, गाडी डाऊन.

चढल्यावर शंका आलीच तर उजेडात रुळाकडेच्या खांबांवरचे किलोमीटर वाचा. मुंबईपासून जळगाव ४२०, भुसावळ ४४४. आकडे ४२१, ४२२ असे वाढत गेले की तुम्ही डाऊनमध्ये आहात, भुसावळ येणार. रात्री आकडे दिसत नाहीत, तेव्हा स्टेशनची पाटी बघा. जळगाव सोडल्यावर भादली आली तर निवांत बसा. शिरसोली दिसली तर गाडी मनमाडची, पाळधी दिसली तर सुरतेची. मग पुढच्या थांब्याला उतरून लगेच परतीची डाऊन विचारा.