सायकल चालवताना हृदयगतीचे आकडे चुकतात तेव्हा

घाट उतरताना छातीचा पट्टा अचानक मिनिटाला २१० ठोके दाखवू लागला, तर नवा पट्टा घेण्याआधी आकडे नेमके केव्हा बिघडतात याची नोंद ठेवावी. बिघाडाचे कारण बहुधा त्या वेळेवरूनच कळते.

निघाल्यावर सुरुवातीलाच आकडे भरकटत असतील आणि घाम आल्यावर ताळ्यावर येत असतील, तर इलेक्ट्रोड, म्हणजे पट्ट्याचे त्वचेला टेकणारे संवेदक भाग, कोरडे आहेत असे समजावे. हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत त्वचेवरून टिपतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. म्हणून पट्ट्याची आतली बाजू पाण्याने भिजवूनच तो बांधावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत पाण्यापेक्षा ईसीजी काढताना लावतात ती जेल अधिक वेळ टिकते.

उतारावर पाय थांबलेले असतानाही ठोके चढत असतील, तर संशय जर्सीवर घ्यावा. सैल कृत्रिम कापड वाऱ्याने फडफडून पट्ट्यावर घासते, त्यातून स्थिर वीज निर्माण होते आणि सेन्सर तिलाच ठोका समजतो. अंगासरशी बसणारी जर्सी घालावी, तिची चेन वरपर्यंत लावावी आणि छातीवरचे कापड थोडे ओले करावे.

संपूर्ण राईडभर आकडा मधूनमधून गायब होत असेल, तर पट्टा सैल झाला आहे का ते पाहावे आणि सेन्सरमधला सेल (बऱ्याच पट्ट्यांत नाण्यासारखा सीआर २०३२) बदलून बघावा. प्रत्येक वापरानंतर सेन्सर काढून ठेवावा व पट्टा धुवावा.

मनगटावरील घड्याळाची गोष्ट वेगळी आहे. ते हिरव्या प्रकाशाने त्वचेखालील रक्तप्रवाह मोजते. हँडल धरताना मनगट वाकते, खराब रस्त्याचे हादरे थेट हातात येतात आणि थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सायकलवर त्याची परीक्षाच असते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट पण रक्तप्रवाह न अडवता बांधावे. वेगवान इंटरव्हलसाठी (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ संथ असा सराव) मात्र छातीचा पट्टाच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंका राहिल्यास सुरक्षित जागी थांबून लगेच १५ सेकंद नाडी मोजावी व आकड्याला ४ ने गुणावे. थांबताच गती उतरू लागते, म्हणून उशीर करू नये. नाडीच अनियमित लागली, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर यंत्राला दोष न देता राईड तेथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. डॉक्टरांना राईडचा आलेख जरूर दाखवावा, मात्र निदानासाठी ईसीजी काढून घ्यावाच.