जीव घाबरा होतो तेव्हा: पॅनिक अटॅक शरीरात कसा पेटतो आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं

एसटीत गर्दी, बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि एकदम छातीत धडधड, ओठांभोवती मुंग्या, हात गार. शेजारचा माणूस काळजीनं म्हणतो, "मोठा श्वास घ्या." नेमकं तेच करू नका.

घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. मुंग्या येतात त्या यामुळे. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. हवा मात्र कमी पडल्यासारखी वाटते, म्हणून माणूस आणखी ओढून श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

पाठ टेकून बसा. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत घ्या. पोट पुढे यायला हवं, खांदे वर जायला नकोत. मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सहा आकडे सोडत राहा. मिनिटाला सहाच श्वास, निदान पाच मिनिटं. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर पिशवीत ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतू शकतं.

पहिल्यांदाच असं झालं असेल तर पॅनिक समजून घरी बसू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, चालताना वाढणं, वीस मिनिटांत न ओसरणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही असलं तर 108 ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या. शुगर किंवा बीपी असलेल्यांनी तर अजिबात वाट पाहू नये. हृदय ठीक निघालं तर हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. या तिन्हींच्या बिघाडात अशीच धडधड होते.

आता ही ठिणगी पडते कुठून? 1967 मध्ये अमेरिकेत पिट्स आणि मॅक्लूर या संशोधकांनी असा त्रास असलेल्यांना शिरेतून सोडियम लॅक्टेट दिलं. अनेकांना तिथेच अटॅक आला, निरोगी लोकांना क्वचितच. (दवाखान्यातल्या आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या, सलाईनमध्येही लॅक्टेट असतं, पण प्रयोगातलं द्रावण त्याच्या सतरा-अठरा पट तीव्र होतं. त्या बाटलीला भिऊ नका. मात्र पॅनिकवर सलाईन हा इलाजही नाही.) पुढे 35 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या एका श्वासानंही तेच घडतं हे दिसलं. त्यावरून मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी 1993 मध्ये मांडलं की मेंदूतला गुदमरण्याचा भोंगा या लोकांत फार नाजूक असतो आणि हवा पुरेशी असतानाही वाजतो. तो वाजला की श्वास सुसाट सुटतो आणि वरचं चक्र सुरू होतं.

भीतीचं केंद्र म्हणून मेंदूतल्या अमिग्डाला या छोट्या भागाचं नाव घेतात. पण 2013 मध्ये दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन रुग्णांना हाच 35 टक्के कार्बन डायऑक्साइड दिला, तर तिघांनाही अटॅक आला. म्हणजे हा भोंगा अमिग्डालाशिवायही वाजतो. घरच्यांनी "मनाला लावून घेतेस" म्हणणं थांबवावं, ते यासाठी. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 40 टक्के निघतो. मनाचा भागही आहेच: "हार्ट गेलं" असा अर्थ लावला की भीती भडकते, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं.

म्हणून ज्या धडधडीची, गरगरण्याची भीती वाटते, ती मुद्दाम आणून तिचाच सराव करायचा. रसवंतीवर मिळते तशी बारीक नळी तोंडात, नाक चिमटीत, एक मिनिट श्वास. मग जागच्या जागी गोल फिरणं, एक मिनिट. प्रत्येक प्रकार तीनदा, रोज, आणि भीतीला 0 ते 10 गुण देऊन वहीत लिहा. आकडा निम्म्यावर आला की पुढचा प्रकार घ्या. हृदयरोग, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लोक चुकतात ते इथे: भीती वाढली की मध्येच थांबतात, किंवा हातात ग्लुकोजची बाटली धरून बसतात. मग मेंदू शिकतो की बाटलीनं वाचवलं. एसटीतून मध्येच उतरून जाण्याचंही तसंच.

लातूरला खोली करून नीटची तयारी करणाऱ्या मुलांनी चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक मोजून घ्यावं. प्रयोगात 400 ते 480 मिलिग्रॅम कॅफिननं पॅनिकच्या सुमारे निम्म्या रुग्णांना अटॅक आला. जागरणाच्या रात्री तेवढं सहज पोटात जातं.

गोळी लागलीच तर सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम यांसारखी नैराश्यावरही देतात ती, अगदी कमी डोसपासून. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते आणि तिथेच पुष्कळजण सोडतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मेडिकलवरून परस्पर अल्प्राझोलाम हे गुंगीचं औषध आणू नका. त्याची सवय लागते, आणि ते एकदम बंद केलं तर फिटही येऊ शकते. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.