गुहागर ते आंबोली : तीन दिवस किनाऱ्याने, रात्र जंगलात

कोकणच्या सागरी रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरून हिशेब मांडू नये, कारण प्रत्येक खाडीपाशी रस्ता आत वळतो आणि चिऱ्याच्या गडग्यांमधल्या बोळात समोरून एसटी आली की कुणाला तरी गाडी मागे घ्यावीच लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पहिल्या दिवशी गुहागरहून लवकर निघून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ गाठावे. तेथून शास्त्री नदीच्या मुखावरून फेरीबोट गाडीसह जयगडला उतरवते. बोटीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात आणि बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. पुढे गणपतीपुळे, आरे-वारे आणि मुक्काम रत्नागिरीत. आरे-वारेच्या वळणावर गाडी उभी करून फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. मागून येणाऱ्याचा विचार करून थोडे पुढे, मोकळ्या जागी थांबावे.

दुसरा दिवस लांबचा आहे. पावस, पूर्णगड, कशेळीचे कनकादित्य मंदिर, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर आणि आचरा करत मालवणला पोहोचायचे असल्याने विजयदुर्गची वाकडी वाट सकाळी वेळ हाताशी असेल तरच करावी.

तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यावरून सावंतवाडीला यावे आणि इंधन, रोख रक्कम, औषधे तेथेच घ्यावीत. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर असून घाटात धुके अचानक उतरते, शिवाय तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. म्हणून उजेड असतानाच घाट चढून जावा. रानातल्या खोल्यांमध्ये जेवण बहुधा सांगितल्यावरच रांधतात, तेव्हा रात्री काय हवे ते सकाळीच फोन करून कळवावे. मी एकदा हे विसरलो आणि रात्र बिस्किटांवर काढली.

खोलीबाहेर पडताना बॅटरी हवीच. बूट आत ठेवावेत आणि सकाळी घालण्यापूर्वी झटकावेत; माझ्या बुटातून निघालेला बेडूक माझ्यापेक्षा शांत होता.

निघण्याआधी हिरण्यकेशीच्या उगमावर जावे. तेथील कुंडात सापडलेल्या माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मासा बोटाएवढाही नाही, त्यामुळे काठावर बसून पाणी निवळेपर्यंत थांबावे. पाय मात्र पाण्यात सोडू नयेत.