एअर रायफल सुरू करताय? आधी छर्रे बघा, रायफल नंतर (सोलापूरकरांसाठी)

अमेरिकेतले लोक गॅरेजमध्ये बसून वापरलेली काडतुसं परत भरतात, प्रेस, डाय, तराजू, पावडर मोजायचं यंत्र असं सगळं टेबलावर मांडलेलं असतं, ते व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं विचारतात की हे सामान सोलापुरात कुठं मिळेल आणि सुरुवातीला काय काय घ्यावं. सरळ सांगतो, हा नाद इथं घरी करायचा नाही. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि घरात वडिलांच्या नावावर बंदुकीचं लायसन असलं म्हणून त्यात काडतूस बनवायची परवानगी येत नाही. विषय संपला.

पण त्या लोकांना ज्याची ओढ असते ना, म्हणजे प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जायला पाहिजे, आपलं हत्यार आणि आपला दारूगोळा यांची जोडी आपण स्वतः जमवायची, ती ओढ 10 मीटर एअर रायफलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीने 10 मीटरवरच्या टार्गेटवर छर्रे मारायच्या खेळात, पूर्ण भागते. आणि ते सोलापुरात बसून, कायद्यात राहून करता येतं. म्हणून हे सगळं त्याबद्दल.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा की 4.5 मिमी, म्हणजे .177 बोअरची आणि 20 जूलपर्यंत ताकदीची एअरगन घ्यायला आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे लायसन लागत नाही, आणि मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, तर त्याच्या निम्म्यापर्यंतसुद्धा जात नाही. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्या, पक्कं बिल घ्या आणि प्रवासात बिलाची कॉपी बॅगेत ठेवा. पाखरांवर, कुत्र्यांवर छर्रा मारणाऱ्यांनी पुढचं वाचूच नका, पक्षी मारणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतं आणि तो खेळ पण नाही.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस काय करतो, सगळा पैसा रायफलमध्ये घालतो आणि छर्रे मिळतील ते स्वस्तातले घेतो. नेमकं उलटं पाहिजे. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, छर्रा 4.5 मिमीचा, आणि स्कोअर दशांशात धरतात, म्हणजे मधोमध बसला तर 10.9 आणि तिथून पाव मिलिमीटर सरकला की 0.1 गेला. 60 शॉट्सचे जास्तीत जास्त 654 होतात. आता विचार करा, हात अजिबात न हलवता छर्राच जर दीड मिलिमीटर इकडंतिकडं जात असेल तर पोराला कळणार कसं की चूक त्याची का छऱ्याची? तो आपला ट्रिगर बदलतो, उभं राहायची पद्धत बदलतो, साईटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतो आणि दोन महिन्यांनी म्हणतो मला जमत नाही. लई पोरं अशीच सोडून देतात राव, वाईट वाटतं.

तर छर्रे. पॅलेट म्हणा, पेलेट म्हणा, आपण छर्रेच म्हणू. मॅचसाठी सपाट तोंडाचेच घ्यायचे, त्याला वॅडकटर म्हणतात, ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात. टोकदार आणि गोल डोक्याचे छर्रे या खेळात कामाचे नाहीत, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि स्कोअर नीट वाचताच येत नाही. वजनाचं म्हणाल तर रायफलला साधारण 0.53 ग्रॅमचे आणि पिस्तुलाला थोडे हलके, 0.45 ते 0.50 ग्रॅमच्या आसपासचे चालतात. आर डब्ल्यू एसचा आर 10 आणि एच अँड एनचा फिनाले मॅच ही दोन नावं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, सगळ्यांच्या तोंडात असतात, दोन्ही जर्मन. त्यांचेच स्वस्त सराव छर्रे पण येतात, सुरुवातीच्या महिन्यांना ते पुरतात. डबा साधारण 500 चा असतो, रोज 60 मारले तर आठ दिवसांत डबा संपतो, हा हिशोब आईवडिलांनी आधीच करून ठेवावा कारण खरा चालू खर्च हाच आहे, रायफल एकदाच घ्यायची असते.

डब्यावर एक आकडा असतो, 4.49, 4.50, 4.51 असा. हा छऱ्याच्या डोक्याचा व्यास. शंभराव्या हिश्शाचा फरक काय करणार असं वाटतं, पण प्रत्येक नळीला एखादाच आकडा लागू पडतो आणि तो कुठला हे कंपनी सांगू शकत नाही, मित्राच्या रायफलवरून पण कळत नाही, मॉडेल तेच असलं तरी. म्हणून डझनभर डबे एकदम घेऊ नका. वेगवेगळ्या आकड्यांचा एकेक डबा घ्या, किंवा रेंजवरच्या चार जणांकडून थोडे थोडे मागून घ्या, आणि रायफल हाताने न धरता वाळूच्या पिशवीवर घट्ट टेकवून किंवा व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंज्यात) बसवून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट एकाच जागी मारा. टार्गेट बदला, त्यावर पेन्सिलीने आकडा लिहा. मग मोजायचं कसं तर सगळ्यात लांबच्या दोन भोकांची बाहेरून बाहेर रुंदी घ्या आणि त्यातून 4.5 वजा करा. चांगली जोडी जमली की दहा छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात, भोक जेमतेम छऱ्यापेक्षा मोठं दिसतं. ज्या आकड्याचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, सगळ्यात लहान त्याचाच, आणि जमलं तर त्याच बॅच नंबरचा साठा करायचा. बॅच बदलली की परत टेस्ट, कंटाळा करायचा नाही.

छर्रा हातात घेऊन बघायची पण सवय लावा. मागचा पोकळ भाग असतो, स्कर्ट, शिसं मऊ असल्यामुळं तो कुरिअरच्या प्रवासात दबतो. काचेच्या तुकड्यावर छर्रा हलकेच लोळवा, चांगला छर्रा एका बाजूला गोल वळत एकसारखा जातो, स्कर्ट दबलेला असेल तर अडखळतो, मध्येच उडी मारतो, तो बाजूला काढा, साईट जुळवायच्या आधी वॉर्मअपला वापरा. काहीजण दागिन्यांच्या काट्यावर एकेक छर्रा तोलत बसतात, मला विचाराल तर 10 मीटरला वजनापेक्षा डोक्याचा आकडा आणि स्कर्ट जास्त महत्त्वाचा, तो वेळ रायफल धरायला द्या. आणि डबा खिशात घेऊन गाडीवरून फिरायचं नाही, होटगी रोडच्या खड्ड्यात सगळे स्कर्ट वाकडे होतात.

शिसं आहे हे विसरू नका. मारून झालं की साबणाने हात धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडून चटणी-भाकरी खायची. छर्रे तोंडात धरायची सवय काही पोरांना असते, ती पहिल्या दिवशीच मोडा, लहान मुलांना शिशाचा त्रास जास्त होतो. छर्रे झेलणाऱ्या पेटीतला चुरा झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

रायफल घ्यायच्या आधी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. पोरगा उजव्या हाताने लिहितो पण डोळा डावा निघाला असं बऱ्याचदा होतं, मग कोचशी बोलून ठरवा, कारण उजव्या हाताची रायफल घेतल्यावर हे कळलं तर बट आणि ग्रिप बदलायचा खर्च उगाच अंगावर येतो.

रायफल कुठली हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर सगळ्यांना एकच, पहिले काही महिने रेंजची रायफल वापरा. तेवढ्यात कळतं पोराला आवडतंय का, रायफल का पिस्तूल, आणि अंगाला काय बसतं. घडी घालून भरायची स्प्रिंगची एअरगन स्वस्त असते, उभं राहणं आणि साईट बघणं शिकायला ठीक आहे, पण स्प्रिंग सुटताना जो झटका बसतो त्यात बारीक चुका लपतात, स्पर्धेचा विचार असेल तर पुढं कॉम्प्रेस्ड हवेची, म्हणजे पीसीपीच लागते. त्यात वाल्थर, फाइनवेर्कबाउ, श्टायर, आन्शुट्झ ही जुनी मातब्बर नावं, पिस्तुलात मोरिनी आणि पार्दिनी. नवीन घ्यायची म्हटलं तर खर्च लाखांत जातो, म्हणून सेकंड हँड बघायला अजिबात लाजू नका. महाराष्ट्रात या खेळाचा पसारा मोठा आहे, अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, 2022 ला कैरोमध्ये 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलेला राधानगरीकडचा स्वप्नील कुसाळे, त्यामुळं पुण्या-कोल्हापूरकडे वापरलेल्या रायफली फिरत असतात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्यात बालेवाडीला एक चक्कर मारा, मोठी रेंज बघून होते आणि वेगवेगळ्या रायफली खांद्याला लावलेली माणसं भेटतात.

सेकंड हँडमध्ये पहिली गोष्ट रायफलच्या हवेच्या सिलिंडरची तारीख. सिलिंडरवर कोरलेली असते, 10 वर्षं उलटलेली असतील तर स्पर्धेत कंट्रोलला, म्हणजे सामान तपासणीला, अडवतात आणि नवीन सिलिंडर स्वस्त नसतो, तो खर्च किमतीतून वजा करून बोला. मग ट्रिगर, साईटचे क्लिक नीट वाजतात का, सिलिंडर भरून रात्रभर ठेवला तर काटा खाली येतो का. रायफलचं एकूण वजन 5.5 किलोच्या आत पाहिजे, पण बारक्या पोराला तेवढं झेपत नाही, वजनं काढता येणारी रायफल बघा. पिस्तुलाला दीड किलोची मर्यादा आणि ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो, आणि पिस्तुलात ग्रिपचा साइज हाताला बसला नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

हवा भरायचा विषय जरा गंभीरपणे घ्या. बहुतेक मॅच सिलिंडर 200 बार (बार हे दाबाचं माप) दाबाचे असतात, काही 300 चे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे होत नाही, त्याचं प्रेशर फार कमी आणि हवेत तेल आणि पाणी. हातपंप मिळतो, त्याला ओलावा धरणारा फिल्टर असलेलाच घ्या आणि मध्येमध्ये पंप थंड होऊ द्या, नाहीतर स्कूबाचा, म्हणजे पाणबुड्यांचा, मोठा सिलिंडर रेंजवर असतो त्यावरून भरा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन मात्र कधीही, कुठल्याही परिस्थितीत भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो, माणूस जातो. आणि आपला उन्हाळा तुम्हाला माहितीये, एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला टेकतो, बंद कारमध्ये त्याहून कितीतरी जास्त. 25 अंशाला 200 बार भरलेला सिलिंडर 60 अंशाला 220 च्या पुढं जातो. म्हणून सिलिंडर गाडीत सोडून बाजारात जायचं नाही, आणि उन्हाळ्यात काठोकाठ भरायचा पण नाही.

जॅकेट, पँट, बूट याची घाई नको. कापडाची जाडी 2.5 मिमीच्या आत पाहिजे असा नियम आहे, ताठपणा पण मशीनवर तपासतात, त्यामुळं मित्राचं जुनं जॅकेट घेताना ते आता पास होतं का हे विचारा. वाढत्या वयाच्या पोराला नवीन महागडं जॅकेट शिवून घेऊ नका, वर्षात आखूड होतं. बटणं सरकवणं, बेल्टपाशी दुरुस्ती असलं काम सोलापुरात होतं, इथं युनिफॉर्म शिवणारे इतके कारागीर आहेत की जाड कॅनव्हासवर चालणारं मशीन शोधायला लांब जावं लागत नाही, फक्त आतून जादा थर लावून घेऊ नका, जाडी वाढली की बाद. हातमोजा मात्र लवकर घ्या, डावा हात वाचतो.

घरी सराव करायचा तर 10 मीटर जागा सगळ्यांकडे नसते. जुळे सोलापूरच्या रो हाऊसमध्ये पार्किंगपासून मागच्या भिंतीपर्यंत कशीबशी बसते, नसेल तर 5 मीटरवर निम्म्या साइजचं टार्गेट प्रिंट करा, नजरेला चित्र तेच दिसतं, स्कोअर मात्र धरू नका कारण छऱ्याचं भोक काही निम्मं होत नाही. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर, त्यावर चांगला एलईडी, तुमच्या जागेपेक्षा टार्गेटवर उजेड जास्त. मागे लोखंडी पेटी, पत्रा तिरका बसवलेला, म्हणजे छर्रा खाली पडतो, परत येत नाही. पेटीच्या मागे पक्की भिंत आणि भिंतीसमोर जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून सैल लटकवा, चुकलेला छर्रा भिंतीवर आपटून उडत नाही. चादर ही फक्त जादाची काळजी, दरवाजा किंवा जिना त्या दिशेला असेल तर जागाच बदला. मारताना दाराला आतून कडी, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे भडक रंगाची दोरी, मारत नसताना कायम घातलेली. सगळ्यात स्वस्त वस्तू आहे ही आणि सगळ्यात आधी घ्यायची.

बाकी किरकोळ. ज्या डोळ्याने नेम धरत नाही त्याच्यासमोर 30 मिमीची पांढरी पट्टी लावा, डोळा मिचकावून धरायची सवय नको. पुढच्या साईटची रिंग सुरुवातीला मोठी ठेवा, 4 मिमीच्या आसपास, लहान रिंगमध्ये काळा गोल जरा हलला तरी पोरगा घाबरतो आणि ट्रिगर ओढायला उशीर करतो. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा की पुढची साईट स्पष्ट दिसायला पाहिजे, टार्गेट थोडं धूसर चालतं, नंबर त्याप्रमाणे काढून मिळतो. इलेक्ट्रॉनिक ट्रेनर वगैरे नंतर, आधी रोज कोऱ्या भिंतीसमोर छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव, पण तुमच्या रायफलला ड्राय फायरची सोय आहे का ते बघून, स्प्रिंगच्या बंदुकीला रिकामी मारली तर पिस्टन खराब होतो.

आणि डायरी. कुठल्या डब्याचे छर्रे, आकडा, बॅच नंबर, कुठल्या प्रेशरला मारले, ग्रुप केवढा आला, एवढं प्रत्येक डबा उघडताना लिहा आणि रिकाम्या डब्याचं स्टिकर त्याच पानावर चिकटवा, पुढच्या वेळी दुकानदाराला फोटो पाठवला की झालं.