अ‍ॅम्प्लिफायरनं स्पीकर जाळला? मग निदान या चुका टाळा

डाव्या स्पीकरमधून आधी ‘भुम्’ झालं, मग नुसती घरघर. आतून आई ओरडली, “अरे, काहीतरी जळतंय बघ!” तिनं गॅस बघितला, मी स्पीकरची जाळी काढली. वार्निश जळाल्याचा वास, आणि वूफरचा (खर्जाचा आवाज काढणाऱ्या भागाचा) कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पेरभर बाहेर येऊन तिथेच अडकलेला. मी अ‍ॅम्प बंद केला, पाच मिनिटं थांबलो आणि ‘स्पीकर गेलाय की अ‍ॅम्प’ हे बघायला उजवा स्पीकर काढून त्याच डाव्या चॅनेलला जोडला.

दहा सेकंदांत तोही गेला.

स्पीकरची जोडी दीड लाखाची, अ‍ॅम्प चाळीस हजारांचा आणि पाच महिन्यांचा, म्हणजे वॉरंटीतला. पुढचे आठ महिने कंपनीशी जो पत्रव्यवहार झाला, त्यात माझी बाजू लंगडी पडली ती या दहा सेकंदांमुळे.

दुसरा स्पीकर लावून बघणे

ही सगळ्यात महागडी चूक, आणि शहाणीसुरती माणसंही ती करतात. आत काय होतं ते एकदा समजून घ्या. घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये साधारण अधिक ३६ आणि उणे ३६ व्होल्ट असा दुहेरी सप्लाय असतो. स्पीकरला ताकद पुरवणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की त्यातले ३६ व्होल्ट डीसी (गाण्यासारखा मागेपुढे न होणारा, एकाच दिशेचा करंट) थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येतात. आठ ओहमच्या स्पीकरची कॉईल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) डीसीला सहा ओहमच्या आसपास असते. म्हणजे ६ अँपिअर करंट आणि २१६ वॉट उष्णता. पंचवीस वॉटचे आठ-नऊ सोल्डरिंग आयर्न काडेपेटीएवढ्या जागेत एकदम तापवल्यासारखं. ‘माझा स्पीकर दीडशे वॉटचा आहे’ याला इथे अर्थ नाही. गाणं वाजताना कोन हलतो, हवा खेळते, कॉईल थंड होते. डीसीवर कोन एका बाजूला ताणून उभा राहतो आणि कॉईल जागच्या जागी भाजते.

तेव्हा आधी अ‍ॅम्प एकटा तपासा. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर, मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर. मीटरच्या पिना जोडताना टर्मिनल एकमेकांना टेकवू नका. आकडा लहान दिसला तरच मिलिव्होल्टवर या. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर सहसा काळजी नाही, शंभरच्या वर गेला तर शंका घ्या, आणि व्होल्टांमध्ये आकडा दिसला तर स्विच बंद करून वायर काढून ठेवा. घरात मीटर नसेल तर शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा अर्ध्या तासासाठी मागून आणा.

स्पीकर तपासायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. वूफरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ होऊन कोन हलला तर कॉईल अजून जोडलेली आहे. मग कोन दोन्ही हातांनी हलका दाबून बघा. खरखर आली तर कॉईल भाजून फुगली आहे. आवाजही नाही, हालचालही नाही, म्हणजे कॉईल तुटली.

‘जोरात वाजवलं असेल’ हे ऐकून गप्प बसणे

सर्व्हिस सेंटरचं हे पहिलं वाक्य असतं. दुसरं, “सर, तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल.” पहिल्याचं उत्तर तुमच्या स्पीकरमध्येच आहे. ट्वीटरच्या (बारीक, तार आवाज काढणाऱ्या भागाच्या) वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो. वूफरच्या वाटेत असते फक्त चोक कॉईल, तिच्यातून डीसी आरामात जातो. म्हणून डीसीनं वूफर मरतो, ट्वीटर शाबूत राहतो. क्षमतेबाहेर व्हॉल्यूम दिला की आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा आधी जातो तो ट्वीटर. माझे दोन्ही ट्वीटर ठणठणीत होते. हे मी फोटोसकट लिहून पाठवल्यावर ‘जोरात’ हा शब्द त्यांच्या मेलमधून गायब झाला.

व्होल्टेजचं म्हणाल तर लेखी मागा. “इनपुट व्होल्टेजमुळे नेमका कुठला भाग गेला ते रिपोर्टमध्ये लिहा,” एवढं म्हटलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

रिले ‘डायरेक्ट’ करून घेणे

अ‍ॅम्प चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ ऐकू येतं, तो प्रोटेक्शन रिले. आउटपुटवर डीसी आलं की तो स्पीकरचं कनेक्शन तोडतो. निदान तोडायला हवं. काही वेळा डीसीच्या ठिणगीनं त्याचे पॉइंट चिकटून बसतात आणि मग तो असून नसल्यासारखा. रिले सारखं कनेक्शन तोडतो म्हणून आपले काही मेकॅनिक तो शॉर्ट करून देतात, “साहेब, आता वाजेल मस्त!” वाजतो खरा, पण पुढच्या बिघाडाला मध्ये कोणी उरत नाही, आणि सील तुटल्यामुळे वॉरंटीही जाते.

अ‍ॅम्प स्पीकर मारू शकतो हे निर्मात्यांना आज कळलंय असं नाही. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे १९५७ चे इलेक्ट्रोस्टॅटिक (विजेच्या भारानं पातळ पडदा हलवणारे) स्पीकर जास्त व्होल्टेज सोसत नसत. तिनं पुढे ४०५ हा जास्त ताकदीचा अ‍ॅम्प काढला, तेव्हा या स्पीकरसाठी आउटपुट मर्यादित ठेवणारा सर्किट बोर्डही दिला. तो अ‍ॅम्प बिघडलेला नव्हता, तरीही दिला.

जॉब शीट न वाचता सही करणे

दुरुस्तीला देताना काउंटरवरचा मुलगा जॉब शीटवर, म्हणजे तक्रारीच्या कागदावर, ‘नो साउंड’ एवढंच लिहितो. ते खोडायला लावा आणि लिहून घ्या: ‘डाव्या चॅनेलच्या आउटपुटला डीसी, त्यामुळे वूफर जळाला.’ सिरीयल नंबर आणि सील यांचे फोटो अ‍ॅम्प देण्याआधी काढा. कुठले भाग बदलले त्याची यादी मागा, जुने ट्रान्झिस्टर परत मागा. पुढे वाद झाला तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण दुरुस्त झालेल्या अ‍ॅम्पमध्ये शोधणार काय?

‘वॉरंटीत बसत नाही’ हा शेवटचा शब्द मानणे

वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत असतं की अ‍ॅम्प दुरुस्त करून देऊ, त्यामुळे इतर वस्तूंचं झालेलं नुकसान आमच्याकडे नाही. स्पीकरची कंपनी म्हणते, कॉईल जळाली म्हणजे गैरवापर. तुम्ही मधल्या मध्ये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या ‘हानी’मध्ये सदोष वस्तूमुळे *दुसऱ्या* मालमत्तेचं झालेलं नुकसान येतं. खुद्द ती वस्तू त्यात येत नाही. जळलेला स्पीकर इथे बसतो. कलम ८४ खाली निर्मिती किंवा रचनेतल्या दोषाला उत्पादक जबाबदार धरता येतो, कलम ८५ खाली सदोष दुरुस्ती करणारा. पण ‘हानी’च्या त्याच व्याख्येत वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसान आणि व्यापारी नुकसान वगळलंय, आणि कंपनीचा वकील नेमकं तिथे बोट ठेवतो. वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघा, माझं प्रकरण तिथूनच हललं.

कंपनीनं अ‍ॅम्प बदलून दिला आणि डाव्या वूफरचे पैसे दिले. उजव्याचे दिले नाहीत. माझ्याच पहिल्या मेलमधलं वाक्य त्यांनी पिवळं करून परत पाठवलं होतं: ‘खात्री करण्यासाठी मी दुसरा स्पीकर जोडून पाहिला.’ त्या वूफरचे साडेअकरा हजार मी भरले.